गाडीने किनाऱ्याकिनाऱ्याने दहा दिवस, गरवायचं सामान पहिल्यांदाच घेतोय, काय घेऊ?

डिकीत_जागा_नाही

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

पुढच्या महिन्यात मी, बायको आणि ९ वर्षांचा मुलगा असे तिघं गाडी घेऊन दहा दिवस समुद्राच्या कडेकडेने फिरणार, मुक्काम पोचू तिथे. मुलाने कुठेतरी व्हिडिओ बघितलेत आणि आता सकाळी दात घासायच्या आधी पहिला प्रश्न, बाबा आपण मासे पकडायचे ना. मला यातलं ओ की ठो कळत नाही. लहानपणी मामाबरोबर ओढ्यावर जाऊन बसायचो तेवढाच काय तो अनुभव, त्यातही गळ मामाचा आणि गांडुळं खणायचं खातं माझ्याकडे.

आत्ता कार्टमध्ये हे टाकून ठेवलंय: १२ फुटी सर्फ रॉड, ८००० नंबरचं रीळ (विकणारा म्हणाला मोठं असलेलं बरं), १५० नगांचा लुअरचा (नकली आमिषांचा) डबा, ३० पौंडी ब्रेड आणि काठी रोवायचा स्टँड. गाडी छोटी हॅचबॅक आहे, बाकी माझ्या नावातच सगळं आलं. हे बरोबर आहे का? काय काढू, काय टाकू?

ओली_चप्पल

थांबा थांबा, बटण दाबू नका अजून.

१२ फुटी काठी ही लाटांच्या पलीकडे शंभर-दीडशे ग्रॅम शिसं फेकायला असते. ते फेकायचं तंत्र हातात बसायला वेळ लागतो, दिवसभर धरून खांदा जातो तो वेगळाच. आणि तुमचा मुलगा तिला दोन मिनिटंसुद्धा धरू शकणार नाही, मग ज्याच्यासाठी एवढा खटाटोप तो बाजूला बसून वाळूत किल्ले करणार आणि बाबा एकटे उभे.

८ फुटाच्या आसपासची, मीडियम पॉवरची, दोन तुकड्यांची स्पिनिंग काठी घ्या. मुठीच्या वर बारीक अक्षरात वजन लिहिलेलं असतं, साधारण १०-४० ग्रॅम असं काहीतरी असेल ती. तेवढं वजन ती नीट फेकते, त्याच्या फार वर गेलात तर टोक जातं, फार खाली गेलात तर काठी वाकतच नाही आणि फेक चार हातांवर पडते. दोन तुकडे म्हणजे एकेक ४ फुटांचा, मागच्या सीटमागे तिरका बसेल.

तिसरी_पाळी

+१. आणि रीळ ३००० ते ४००० मधलं. ८००० हे मोठ्या माशांचं काम, ८ फुटी काठीला लावलं तर मनगटाला वीट बांधल्यासारखं वाटेल.

लांबफेक

सगळे १२ फुटी काठीच्या जिवावर का उठलेत कळेना. उघड्या पुळणीवर लाटा मोठ्या असल्या की ८ फुटी काठीने दोरी लाटांच्या डोक्यावरून राहत नाही, प्रत्येक लाट दोरी ओढून नेते आणि शिसं परत पायाशी. मी गेली कित्येक वर्षं लांब काठीनेच गरवतो.

ओली_चप्पल

@लांबफेक, तुमचं खरंय, पण तुम्ही किती वर्षांनी तिथे पोचलात ते पण सांगा की. हे दहा दिवसात खाडीच्या तोंडाशी बसणार, धक्क्यावर बसणार, एखाद दिवस पुळणीवर. त्यातल्या दोन ठिकाणी ८ फूट पुरून उरते. आणि मासे कित्येकदा पहिल्या चरातच असतात, म्हणजे लाट फुटून पाणी जिथे जरा काळसर दिसतं तिथे. नवीन माणूस नेमका त्यांच्या डोक्यावरून फेकतो.

लांबफेक

चराबद्दल मान्य. काठीबद्दल नाही. असो, तुमचा धागा तुम्हाला लखलाभ.

कातळावरची

टेलिस्कोपिक काठीचा मोह होईल, बंद केली की हातभर होते, डिकीत पण बसते. घेऊ नका असं नाही म्हणणार, पण वाळू हा तिचा शत्रू. एक कण दोन नळ्यांच्या मध्ये गेला की उघडबंद करताना करकर वाजतं आणि आतून ओरखडे पडत जातात. जागेचा प्रश्न फारच असेल तर ४ तुकड्यांची ट्रॅव्हल काठी बघा, ती टेलिस्कोपिकपेक्षा कितीतरी बरी.

कुठलीही घेतलीत तरी जोडाच्या नर बाजूला साधी मेणबत्ती घासा. हे आत्ता फालतू वाटेल.

आणखी एक, घ्यायच्या आधी किंवा पार्सल आल्यावर काठीवरच्या, दोरी जाते त्या प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवा. कडीच्या आतलं सिरॅमिक कुठे तडकलं असेल तर कापसाचा तंतू अडकतो. डोळ्याला ती चीर दिसत नाही पण दोरीला बरोबर सापडते.

निवांत_कोपरा

गाडीने जाताय म्हणून सांगतो. मी आजवर तीन काठ्या मोडल्या, त्यातली एकही माशाने नाही. दोन गाडीच्या दाराने, एक डिकीच्या झाकणाने. जोडलेली काठी गाडीला टेकवून ठेवायची नाही, कितीही घाई असली तरी. सुटे करा, टोकं एकत्र घेऊन दोन रबर लावा आणि पोस्टरवाल्या प्लॅस्टिकच्या नळीत घाला.

डिकीत_जागा_नाही

बापरे, एवढे प्रतिसाद! १२ फुटी काढली कार्टमधून. @लांबफेक राग मानू नका.

दोरीचं सांगा आता. ब्रेड घेऊ का साधी? आणि हा ब्रेड म्हणजे नक्की काय, बायकोने यादी वाचली आणि विचारलं की आमिष म्हणून का.

अर्धा_डझन_गाठी

हसून हसून पुरेवाट. ब्रेड म्हणजे वेणीसारखी विणलेली दोरी. बारीक धागे एकत्र विणलेले असतात, त्यामुळे त्याच ताकदीच्या नायलॉनपेक्षा खूपच बारीक, २० पौंडी ब्रेड जाडीला ६-८ पौंडी नायलॉनएवढी भरते. बारीक म्हणून लांब जाते, आणि ताणलीच जात नाही म्हणून माशाने नुसतं नाक लावलं तरी हाताला कळतं.

आता हे सगळं वाचून ब्रेडच घ्यावीशी वाटेल, तरी पहिल्या सहलीला घेऊ नका. का ते सांगतो. ती ढिली गुंडाळली गेली की पुढच्या फेकीला एकदम वीस वेढे बाहेर येतात आणि हवेतच पक्ष्याचं घरटं होतं, ते सोडवता येत नाही, कापावंच लागतं. खडकाला जरा घासली की तुटते. खाली अडकली आणि हाताला गुंडाळून ओढलीत तर बोट कापते, गंमत नाही, खरंच कापते. रिळावर थेट बांधली तर अख्खा गुंडा जागच्या जागी फिरतो म्हणून खाली थोडी नायलॉन भरावी लागते. शिवाय पुढे लीडर, म्हणजे गळाजवळचा दणकट दोरीचा तुकडा, जोडायला वेगळी गाठ शिका. एवढं सगळं पहिल्याच दिवशी मुलगा बाजूला उभा राहून "बाबा झालं का" म्हणत असताना?

१२ पौंडी साधी नायलॉन मोनो घ्या. ४००० च्या रिळावर दीडशे मीटर आरामात बसते. ती ताणली जाते, तुटायच्या आधी पाचवा हिस्सा तरी लांबते, आणि नवशिक्याच्या अर्ध्या चुका त्या ताणात जिरून जातात. मुलाने जोरात हिसका दिला तरी माशाचं तोंड फाटत नाही.

तिसरी_पाळी

भरताना घाई नको. दोरी ओल्या फडक्यात चिमटीत धरून ताण देऊन भरायची. दहा वेढे झाले की थांबून जरा ढील द्या, दोरी पिळासारखी गोल गोल उड्या मारायला लागली तर दोरीची चकती उलटी करून ठेवा आणि पुढे भरा. काठाच्या २-३ मिलिमीटर खाली थांबायचं. काठोकाठ भरली की भसकन सुटते, कमी भरली की फेक मरते.

आणि फेकल्यानंतर ती तारेची कमान हँडल फिरवून बंद न करता हाताने पाडा, मग दोरी एकदा चिमटीत ओढून घ्या. एवढी एकच सवय लागली तर निम्मे गुंते होत नाहीत. माझ्या शेजारी बसणाऱ्यांना मी हे सांगून सांगून थकलो.

भांगातली_भरती

१५० नगांच्या डब्याचं काय ठरलं? तसल्या डब्यात बहुतेक गोड्या पाण्यातल्या सुया-पिसं असतात आणि गळ असे मऊ की मासा सोडा, शेवाळ लागलं तरी सरळ होतात. त्यावर मुलामा नसतो, खाऱ्या पाण्यातून काढून तसाच ठेवला तर चार दिवसात लाल.

त्याऐवजी एक टिफिनएवढा डबा. २० आणि ३० ग्रॅमची सरकती शिसं दहाबारा, थोडे मणी, स्विव्हलचं (दोन टोकांना कड्या असलेला, पीळ न पडू देणारा फिरता जोड) एक पाकीट, २० पौंडी लीडरची छोटी चकती, सर्कल गळ दोन मापांचे, आणि हौस म्हणून २०-३० ग्रॅमचे धातूचे दोन चमचे, म्हणजे चमकणारी नकली आमिषं. बस.

डिकीत_जागा_नाही

गळाचे नंबर बघून डोकं फिरलं. ६ नंबर १ पेक्षा छोटा आणि १/० परत मोठा?

भांगातली_भरती

हो, ते तसंच उलटसुलट आहे. १ पर्यंत आकडा वाढला की गळ लहान, १० पेक्षा ६ मोठा, ६ पेक्षा १ मोठा. त्याच्यापुढे १/०, २/०, ३/० असे मोठे मोठे होत जातात. तुम्ही ४ आणि १/० घ्या. लहान गळाला मोठा मासा लागतो, मोठ्या गळाला लहान मासा फक्त आमिष खाऊन जातो, म्हणून चुकायचंच तर लहानाकडे चुका.

सर्कल गळाचं टोक आत वळलेलं असतं. त्याला हिसका द्यायचा नसतो! मासा ओढायला लागला की नुसतं सावकाश रीळ फिरवत राहायचं, गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. पोटात कमी जातो म्हणून मासा सोडायचा झाला तर जगतो. हिसका दिलात तर तोंडातून अलगद बाहेर. मुलाला आधीच सांगून ठेवा कारण व्हिडिओत सगळे हिसकेच देत असतात.

ओली_चप्पल

यावर बांधणी एकच शिका, सरकत्या शिशाची. मुख्य दोरीत आधी शिसं ओवायचं, मग मणी, मग स्विव्हल बांधायचं. मणी असतो तो शिसं गाठीवर आपटून गाठ खराब होऊ नये म्हणून. स्विव्हलच्या दुसऱ्या कडीला हातभर लीडर आणि टोकाला गळ. मासा आमिष घेऊन निघाला की दोरी शिशातून सरकते, त्याला वजन लागत नाही. खडकाळ जागी शिसं दोरीत न ओवता हातभर कमजोर दोरीला बांधून लटकवा, अडकलं तर तेवढंच तुटतं, बाकी परत येतं.

अर्धा_डझन_गाठी

आयडीला जागून बोलतो. सहा शिकू नका, एक शिका, युनी. गळाला तीच, स्विव्हलला तीच, रिळाला तीच. दोरी कडीतून घालून परत आणायची, बाजूला वळसा करून त्या वळशातून दोन्ही दोऱ्यांभोवती पाच वेढे, मग टोक ओढायचं. आवळायच्या आधी थुंकी लावून ओली करायची, ही स्टाईल नाहीये, कोरडी आवळली की घासून तापते आणि नायलॉन तिथेच कमजोर होतं. गाठीजवळची दोरी पांढुरकी, खरखरीत दिसली तर कापून परत बांधा.

घरी टीव्हीसमोर वीस वेळा बांधा. मग दिवा बंद करून पाच वेळा. दुसऱ्याचं कारण संध्याकाळी कळेल.

निवांत_कोपरा

ड्रॅगबद्दल कोणीच बोललं नाही अजून? रिळाच्या तोंडावरची ती घुंडी. मासा जोरात ओढायला लागला की दोरी तुटायच्या आत रिळाने थोडी सोडून द्यायची, ते ड्रॅग. दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शावर ठेवतात. १२ पौंड म्हणजे साडेपाच किलोच्या जरा खाली, तर चौथा हिस्सा साधारण १.३ किलो, तिसरा १.८.

वजनकाटा कशाला, दीड लिटरची पाण्याची भरलेली बाटली घ्या, म्हणजे झाला दीड किलो. रिळातून निघालेली दोरी काठीच्या कड्यांतून न घालता थेट बाटलीला बांधा, रीळ हातात धरून सरळ वर उचला. बाटली जमिनीवरून उठता उठता कर्र कर्र करून दोरी सुटायला लागली पाहिजे. उठून लटकून राहिली तर घुंडी ढिली करा.

हे मी इतकं का लावून धरतो, तर एकदा घुंडी घट्ट करून काठी दगडाला टेकवली आणि गरम काहीतरी प्यायला पाठ वळवली. खळकन आवाज आला, वळून बघतो तर काठीची मूठ पाण्याकडे निघालेली, मी पळेपर्यंत गेली. रिळासकट. पाण्यात बराच वेळ ते टोक हलताना दिसत होतं.

लांबफेक

म्हणून स्टँड लागतो. @धागाकर्ता, स्टँड कार्टमधून काढू नका.

कातळावरची

स्टँडवर @लांबफेक यांच्याशी सहमत, पहिल्यांदाच :)

सामानाची यादी चाललीच आहे तर, लांब नाकाची पक्कड घेतल्याशिवाय निघू नका. तिच्याने गळ काढायचा आणि तिच्यानेच निघायच्या आधी सगळ्या गळांचे काटे, म्हणजे तो उलटा दात, दाबून सपाट करून टाकायचा. मासे थोडे जास्त सुटतील. पण मुलाच्या बोटात किंवा तुमच्या मानेत गेला तर आला तसा बाहेर येईल. दात असलेला गळ खोल गेला, सांध्याजवळ किंवा डोळ्यापाशी, तर ओढायचा नाही, दोरी कापून सरळ डॉक्टरकडे.

ओळखत नसलेला मासा हाताने धरायचा नाही. शिंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना विषारी काटे असतात, पाकटाच्या शेपटीत असतो. लागलाच तर सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवायचा, तासभर तरी, आधी दुसऱ्या हाताने पाणी बघून, आणि डॉक्टर. बेडकासारखा फुगणारा केंड खायचा तर विचारही नको, त्याचं विष शिजवून जात नाही.

आणि कातळावर जाणार असाल तर आधी वीस मिनिटं लांबून नुसतं बघत उभं राहा. मोठ्या लाटा गटाने येतात, मध्ये बराच वेळ समुद्र अगदी गरीब दिसतो. ओल्या काळ्या दगडावर पाय नाही, समुद्राकडे पाठ नाही, मुलाच्या अंगात लाइफ जॅकेट. खरं म्हणजे मूल बरोबर असताना कातळ नकोच, धक्का बरा.

भांगातली_भरती

वेळेचं पण बघून ठेवा. दोन भरत्यांच्या मध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे आज सहाला आली तर उद्या साधारण सहा पन्नासला. दहा दिवसात हे इतकं सरकतं की पहिल्या दिवशीचं वेळापत्रक शेवटी कामाचं राहत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी लांब जातं आणि तेवढंच जोरात परत येतं, मागची वाट बुडते. अष्टमीच्या सुमारास भांग, पाणी मंद.

मी काय करतो, नव्या जागी ओहोटीला काठी न घेता जातो आणि फोटो काढतो. चर कुठे, खड्डा कुठे, दगड कुठे. मग पाणी चढायला लागलं की त्याच जागेवर फेकायचं. दहापैकी आठ जण पाण्याकडे बघून अंदाजाने फेकत असतात.

तिसरी_पाळी

परवान्याचे, मापाचे आणि बंदीच्या काळाचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात, निघायच्या आधी त्या त्या जागेचे बघा. वाटेत हद्द ओलांडली की नियम बदलू शकतात हे लक्षात येत नाही.

डिकीत_जागा_नाही

वाचनखूण साठवली. ऑर्डर केली: ८ फुटी दोन तुकडी, ४००० रीळ, १२ पौंडी मोनो, टिफिन डबा, पक्कड, स्टँड. मुलासाठी वेगळी ६ फुटी घेऊ का?

ओली_चप्पल

एकच. आळीपाळीने धरा. दोन काठ्या म्हणजे तुम्ही दहा दिवस एकाच वेळी दोन गुंते सोडवत बसाल.

निवांत_कोपरा

रोज रात्री मुक्कामावर रीळ गोड्या पाण्याने. बुडवायचं नाही, जोराची धारही नाही, त्याने मीठ उलट आत जातं. घुंडी घट्ट करून हलका शिडकावा, पुसायचं, मग घुंडी पूर्ण ढिली करून ठेवायचं. दोरी डॅशबोर्डवर उन्हात नको. शुभेच्छा, आल्यावर वृत्तांत टाका.

डिकीत_जागा_नाही

आलो परत! वृत्तांत.

पहिले दोन दिवस काही नाही. म्हणजे गुंता, गुंता, शेवाळ, एक चप्पल (आमची नव्हे). गाठ मात्र एकदाही सुटली नाही, टीव्हीसमोरचा सराव कामाला आला, दिवा बंद करूनचा तर फारच. तिसऱ्या दिवशी ओहोटीला जाऊन फोटो काढले, त्यात धक्क्याच्या उजव्या हाताला एक लांबट खड्डा दिसला, संध्याकाळी पाणी चढताना तिथेच टाकलं. स्टँडवर काठीचं टोक दोनदा टकटक हललं, मुलगा किंचाळला आणि अर्थातच त्याने हिसका दिला, गेला मासा. दुसऱ्या वेळी मात्र ओठ चावत नुसतं रीळ फिरवत राहिला, घुंडी कर्र वाजली तसा माझ्याकडे बघायला लागला, मी म्हटलं वाजू दे. वीतभर शिंगाळा निघाला. पकडीने गळ काढून, हात न लावता, परत पाण्यात. काटा दाबलेला होता म्हणून अर्ध्या मिनिटात झालं. त्यानंतर पोराने काठी मला दिलीच नाही, आळीपाळी वगैरे कागदावरच राहिली. एकूण दहा दिवसात पाच मासे, पाचही सोडले. धातूचा एक चमचा दगडात गेला, दुसरा पाकिटातच आहे.

@लांबफेक, एका पुळणीवर खरंच तुमचं ऐकायला हवं होतं असं वाटलं, शिसं दर वेळी पायाशी येत होतं. तासाभराने आवरून खाडीच्या तोंडाशी गेलो.

आता एक अडचण. शेवटच्या दिवशी काठी जोडलेली तशीच राहिली आणि आता दोन तुकडे वेगळेच होत नाहीयेत. ८ फुटांची काठी मागच्या काचेपासून डॅशबोर्डपर्यंत आडवी घालून घरी आणली, बायको दोनशे किलोमीटर मान वाकडी करून बसली होती. मी आणि मुलगा दोन बाजूंनी ओढून बघितलं, हलत नाही. आणि हो, मेणबत्ती लावली नव्हती.

कातळावरची

:) दोघांनी ओढू नका, जोर तिरका लागून मोडेल. पिळू पण नका, आणि कड्यांना धरून तर नाहीच. आधी जोडाला लागून, आत जाणाऱ्या तुकड्यावर बर्फ फिरवा, बाहेरच्या तुकड्यावर नको, म्हणजे आतला थोडा आकसतो. मग काठी गुडघ्यांच्या मागून आडवी घ्या, उकिडवं बसा, जोड मध्ये ठेवून गुडघ्यांच्या बाहेरून दोन्ही हातांनी धरा, आणि हात न हलवता गुडघे सावकाश बाहेर फाकवा. सरळ रेषेत जोर लागतो.

लांबफेक

वाळूचा कण असणार आत. आणि पुळणीबद्दल लिहिलंत, बरं वाटलं.

डिकीत_जागा_नाही

निघाली! टक्कन आवाज आला आणि मी मागे पडलो. आत वाळू होतीच, चिमूटभर. मुलगा देवघरातली मेणबत्ती घेऊन आलाय, नर बाजू कुठली ते विचारतोय.

कातळावरची

जी आत जाते ती.